सुट्टीतलं काम आणि पोरांची अर्धी हजेरी

(प्रभागसंघाच्या मार्च महिन्याच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या गटांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी देत आहोत. गटाच्या पुढच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा.)



हप्ते, व्याज, बँक जोडणी हे विषय झाले. आता थोडा वेळ मला दिला आहे. विषय पैशाचाच आहे, पण गटाच्या वहीत त्याची नोंद कधी होत नाही.

दहावी-बारावीचे पेपर संपत आले. आता एप्रिल-मे. आपल्या भागात उन्हाळ कांद्याची काढणी सुरू होईल. लग्नसराई आहे, म्हणजे मंडपवाल्यांना पोरं लागतील, आचाऱ्यांना वाढपी लागतील, कापड दुकानांना काउंटरवर मुली लागतील. हायवेवरच्या ढाब्यांना, रसवंतीला, गॅरेजला हात लागतील. तिकडे तासगावच्या बाजूला बेदाण्याच्या शेडवर, कोकणात आंब्याच्या पेट्या भरायला पोरं जातील. ही कामावर जाणारी पोरं कुणाची? आपलीच. पंधरा, सोळा, सतरा वर्षांची.

यातल्या एखाद्या आईला विचारा, "काय गं, पोरगं कामाला लागलं म्हणे, किती मिळणार?" ती म्हणते, "बघू, देतील काहीतरी. पोरगंच आहे."

या "काहीतरी"वर मला बोलायचं आहे.

आपण बाया काटकसरीत हुशार. भाजीवालीकडे दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. गटातून दोन हजार कर्ज घेतलं तर व्याजाचा पैसान् पैसा वहीत असतो. आणि पोरगं दोन महिने घाम गाळतं त्याचा भाव आधी ठरवत नाही, नंतर मोजत नाही, बुडाला तर विचारत नाही. का? तर मनात बसलेलं आहे की पोराची अर्धी हजेरी असते. गड्याची पूर्ण, बाईची पाऊण, पोराची अर्धी.

बाईची पाऊण हजेरी कशी मोडली ते आठवा. आपल्या महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं सुरू झाली. खडी फोडायला, बांध घालायला हजारो बाया गेल्या. तिथे मोजमापावर पैसे होते आणि माप गड्याचं-बाईचं वेगळं नव्हतं. पुढे १९७६ साली समान मोबदल्याचा कायदा आला. आज शेतात अजून फरक करतात हे खरं आहे, पण फरक करणाऱ्याला आता खाली मान घालून बोलावं लागतं. पोरांच्या अर्ध्या हजेरीचंही तसंच व्हायला पाहिजे. कायदा काय म्हणतो ते एका वाक्यात सांगते, हे वाक्य घरी घेऊन जा: वय कमी म्हणून तास कमी होतात, कामाचं मोल कमी होत नाही.

आता एकेक समजून घेऊ.

आधी वय बघा

चौदा वर्षांच्या आतलं मूल कुणाच्याही कामावर ठेवता येत नाही. दुकानात नाही, शेतात नाही, घरकामाला नाही. घरच्यांना घरच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत केली तर चालते, तीही काम धोक्याचं नसेल तर. शेजारच्याच्या रानात मजुरीने पाठवलं तर ती मदत होत नाही, ती बालमजुरी होते. तिथे मजुरी किती हा पुढचा प्रश्न, आधी त्याला घरी आणा.

चौदा पूर्ण ते अठरा, हे किशोरवयीन. बालकामगारांचा कायदा १९८६ चा आहे, तो २०१६ साली बदलला आणि त्यात या वयाच्या मुलांचा वेगळा विचार आला. यांना काम करता येतं, पण सगळं नाही. खाणीत नाही. फटाके, स्फोटकं, पेट घेणाऱ्या पदार्थांजवळ नाही. कारखान्यात जिथे घातक प्रक्रिया चालतात तिथे नाही. मी माझ्या पदरचं अजून एक जोडते. औषध फवारणी आणि मळणी यंत्राजवळचं काम पोरांना देऊच नका, कितीही पैसे कुणी देवो.

जिथे काम करता येतं तिथेही वेळेचं बंधन आहे. हे नीट ऐका, कारण हे फार थोड्या जणींना माहीत असतं. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, त्यानंतर निदान एक तास सुट्टी. सुट्टी धरून, कामाची वाट बघत बसलेला वेळही धरून, सगळा मिळून दिवसाचे सहा तास. संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही. जादा तास, म्हणजे ओव्हरटाइम, नाही. एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. हे नियम दुकानाला, हॉटेलला, ढाब्याला आहेत, तसे शेतालाही आहेत.

तुम्ही म्हणाल, ताई, कांदा काढायला तर आम्ही सकाळी सहालाच रानात असतो, दुपारच्या उन्हात कोण काढणार? खरं आहे. म्हणून पोरांची वेळ वेगळी ठरवून घ्या. आठला येतील, अकराला थांबतील, बाराला पुन्हा हात लावतील, दोनला घरी. तेवढ्याचीच मजुरी घ्या, पण पूर्ण भावाने घ्या. आणि अकरा ते बारा तरी सावलीत बसू द्या.

लग्नातलं वाढपीकाम मात्र बहुतेक रात्रीचं असतं. पोरगं रात्री एकला घरी येतं. सतरा वर्षांच्या पोराला रात्रीच्या पंगतीला नेणं कायद्यात बसत नाही. दुपारच्या पंगतीला नेता येतं. मुलींच्या बाबतीत तर सातनंतर कामावर थांबवण्याचा विषयच नको.

आता मजुरी

किमान वेतनाचा कायदा या देशात १९४८ सालचा. त्याचं विधेयक १९४६ साली मांडलं गेलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्या कायद्याने सरकार यादी करून एकेका कामाचे दर ठरवायचं. त्यात किशोरांसाठी वेगळा दर ठरवायची मुभा सरकारला होती. मालकाला ती कधीच नव्हती. स्वतःच्या मनाने "तू लहान आहेस, तुला निम्मे" म्हणायचा अधिकार तेव्हाही कुणाला नव्हता.

आता जुन्या कायद्याच्या जागी वेतन संहिता आली आहे. २०१९ साली मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात दर ठरवताना काम किती कौशल्याचं आहे, भाग कुठला आहे, काम किती कष्टाचं आहे हे बघायचं आहे. त्यात वयाचं माप नाही. आणि पूर्वी यादीतल्या कामांपुरतं किमान वेतन होतं, ते आता सगळ्याच कामांना आहे.

दर किती, हा तुमचा पुढचा प्रश्न. आपल्या राज्यात दर कामाप्रमाणे वेगळे आहेत. दुकानाचा वेगळा, हॉटेलचा वेगळा, शेतीचा वेगळा. त्यात पुन्हा कुशल, अर्धकुशल, अकुशल. त्यात पुन्हा परिमंडळ, म्हणजे शहर की गाव. मूळ वेतनावर विशेष भत्ता असतो आणि तो जानेवारीत आणि जुलैत बदलतो. म्हणून आज मी एक आकडा सांगितला आणि तुम्ही तो वर्षभर धरून बसलात असं नको. जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय असतं, तिथे चालू दराचा कागद मिळतो. प्रभागसंघाने तो दर सहा महिन्यांनी आणावा आणि सगळ्या ग्रामसंघांना वाटावा, अशी माझी मागणी आहे. एका बाईच्या एका फेरीत सगळ्या गावांचं काम होतं.

आता हिशेब कसा मांडायचा ते बघू. सोपं जावं म्हणून आठ तासांचा दर ४०० रुपये धरू. हा धरलेला आकडा आहे, खरा दर कागदावर बघायचा. म्हणजे तासाला ५० रुपये.

एका मुलीला कापड दुकानात महिन्याला ३,००० रुपये ठरवले. सकाळी दहा ते रात्री नऊ, अकरा तास, महिन्याचे २६ दिवस. म्हणजे २८६ तास. ३,००० ला २८६ ने भागा. तासाला साडेदहा रुपये पडले. आपल्या गावात चहाचा एक कप दहा रुपयांना आहे. पोरीचा एक तास एका कपाच्या भावात गेला.

कायद्याप्रमाणे त्या मुलीने प्रत्यक्ष काम करायचं दिवसाला पाच तास, कारण सहा तासांत एक तास सुट्टीचा. २६ दिवसांचे १३० तास. ५० रुपयांनी ६,५०० रुपये, हे कमीत कमी. म्हणजे निम्म्याहून कमी तास आणि दुपटीहून जास्त पैसे. आणि मालकाने तिला अकरा तास राबवलंच असेल, तर कायदा मोडला तो मालकाने. तिचे तास फुकट जात नाहीत. २८६ तासांचे ५० रुपयांनी १४,३०० रुपये होतात. "मुळात तिला इतका वेळ ठेवायची परवानगीच नव्हती, मग पैसे कसले?" असं म्हणून कुणी सुटू शकत नाही. केलेल्या कामाचे पैसे द्यावेच लागतात.

उक्त्या कामात पोरं दिसत नाहीत

कांद्याचं काम बहुतेक उक्तं असतं. एकराचा भाव ठरतो, टोळी काम उरकते, पैसे वाटून घेते. इथे पोरांची मजुरी बुडते कशी, बघा.

समजा एकराचे ९,००० ठरले. आठ बाया तीन दिवस राबल्या. चोवीस हजेऱ्या. एकीला दिवसाचे ३७५ पडले. बरं झालं म्हणायचं. पण त्या आठ जणींबरोबर त्यांची दोन पोरं पण तीनही दिवस पात कापत होती, गोण्या भरत होती. त्यांची हजेरी कुणी धरलीच नाही. दहा जणांनी तीन दिवस काम केलं तर तीस हजेऱ्या. मग एका हजेरीचे पडतात ३०० रुपये. म्हणजे ३७५ दिसत होते त्यातले ७५ पोरांच्या घामाचे होते. पोरांना हातावर काय ठेवलं? वडापाव.

यात पोराचं नुकसान आहेच, पण तुमचंही आहे. शेतकरी म्हणतो, "गेल्या वर्षी नऊ हजारांत झालं होतं, यंदा का नाही?" झालं होतं, कारण दोन पोरं फुकट होती. पोरांचा फुकट हात तुमचाच भाव पाडतो. म्हणून उक्त्यात जितके हात तितक्या हजेऱ्या मोजा. पोर पाच तासच राबलं तर पाच तासांची मोजा, पण मोजा. आणि सगळं मोजून एका हजेरीचा आकडा किमान दराखाली गेला, तर कायदा सांगतो की उक्तं असलं तरी रोजाच्या किमान दराइतकं तरी मिळालंच पाहिजे. पुढच्या वेळी भाव ठरवताना हा हिशेब समोर ठेवा.

थकलेले पैसे म्हणजे पायातला दोर

आता सगळ्यात महत्त्वाचं. मजुरी कमी दिली तर पैशाचं नुकसान होतं. मजुरी थकवली तर पोराची शाळा जाते.

हे कसं होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. पोरगं एप्रिलमध्ये ढाब्यावर किंवा गॅरेजवर लागतं. मालक म्हणतो, "हिशेब सीझन संपल्यावर एकदम करू, एकरकमी मिळतील." आईला बरं वाटतं, खर्च होणार नाहीत, बचतच होईल. मे संपतो. जूनमध्ये शाळा उघडते, अकरावीची यादी लागते. पोरगं पैसे मागतं. मालक म्हणतो, "आत्ता माणूस नाही, अजून पंधरा दिवस थांब, मग देतो." नाही थांबलं तर दोन महिन्यांचे पैसे जातात. म्हणून थांबतं. पंधरा दिवसांचा महिना होतो, ॲडमिशनची तारीख जाते. मग पोरगंच म्हणतं, आता पुढच्या वर्षी बघू. तिथून पुढे ते वर्ष येत नाही.

पोराला शिकायचं नव्हतं म्हणून शाळा सुटली असं आपण म्हणतो. पुष्कळदा खरं कारण चार-पाच हजार रुपये थकले हे असतं.

यावर कायदा स्पष्ट आहे. रोजावर काम असेल तर पैसे त्याच दिवशी, काम सुटताना. आठवड्याने ठरलं असेल तर आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी. महिन्याने असेल तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. आणि काम सोडलं किंवा कामावरून काढलं तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब चुकता. "सीझन संपल्यावर" अशी सवड कायद्यात कुठेच नाही.

म्हणून माझं सांगणं, पोरांची मजुरी आठवड्याने घ्या. बाजाराच्या दिवशी घ्या. बुडाली तर एकाच आठवड्याची बुडेल आणि पोराचा पाय मोकळा राहील. कामाला पाठवतानाच शेवटची तारीख सांगा: "अमुक तारखेपर्यंत येईल, त्यानंतर शाळा." आणि पोराच्या नावावर उचल घेऊ नका. उचल घेतली की पोरगं गहाण पडलं. कर्जापोटी माणूस कामाला बांधून ठेवायची पद्धत १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. अडचण आली तर गट कशासाठी आहे? अंतर्गत कर्ज घ्या, पण पोराच्या मेहनतीवर मालकाचे पैसे घेऊ नका.

मालक काय म्हणतो आणि आपण काय म्हणायचं

मालक म्हणतो, "अहो, तो काम शिकतोय, उलट मीच त्याच्याकडून पैसे घ्यायला हवेत." शिकाऊ उमेदवार म्हणून ठेवायचा वेगळा कायदा आहे, १९६१ चा. त्यात करार होतो, त्याची नोंद होते, विद्यावेतन मिळतं. तसा कागद असेल तर दाखवा म्हणा. कागद नसेल तर तो कामगार आहे.

मालक म्हणतो, "दोन वेळ जेवतो इथे." जेवण दिलं ही चांगली गोष्ट. पण वेतन रोख, चेकने किंवा खात्यात द्यायचं असतं. ताटात वाढून मजुरी फिटत नाही.

मालक म्हणतो, "मी तर ठेकेदाराला पैसे दिले, त्याला विचारा." ठेकेदाराने बुडवलं तर ज्याचं दुकान, ज्याचं हॉटेल, त्याच्यावर जबाबदारी येते.

मालक म्हणतो, "ठरलं होतं तेवढं दिलं, तुम्हीच कबूल झाला होता." हे सगळ्यात अवघड वाटतं, कारण आपण खरंच कबूल झालेलो असतो. पण हक्क सोडून देणारा करार कायद्यात टिकत नाही, मग तोंडी असो की सहीचा. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळांची बांधकामं चालू होती, तिथल्या मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे सक्तीचे श्रम, आणि घटनेच्या २३ व्या कलमाने त्याला बंदी आहे. माणूस गरजेपोटी "हो" म्हणतो, ते "हो" मोकळ्या मनाचं नसतं. लगेच पुढच्या वर्षी राजस्थानातल्या दुष्काळी कामाच्या खटल्यातही तेच सांगितलं, की दुष्काळ आहे, लोकांना मदत म्हणून काम काढलंय, तरी किमान वेतन द्यावंच लागेल. तेव्हा कुणी म्हणालं की पोराला सुट्टीत काम दिलं हेच उपकार, तर हे आठवा.

विचारायचं कसं

हे सगळं ऐकायला बरं वाटतं, पण मालक परका नसतो. तो भावकीतला असतो, पंचायतीत असतो, त्याच्याच दुकानातून आपली उधारी चालते. एकटी बाई गेली तर तोंडातून शब्द निघत नाही. म्हणून एकटीने जाऊ नका. आई आणि गटातली अजून एक, अशा दोघी जा. भांडायला नाही, हिशेबाला. एवढंच म्हणा: "दादा, पोराचे एवढे दिवस, एवढे तास झाले. ही वही. किमान दराने एवढे होतात. तुम्ही एवढे दिले. राहिलेले कधी देता?" तारीख घ्या आणि ती तारीख त्यांच्यासमोर वहीत लिहा. पुष्कळ हिशेब इथेच मिटतात, कारण समोरच्याला कळतं की या बायांनी लिहून ठेवलंय.

नाही मिटलं तर ग्रामसंघाच्या लेटरहेडवर पत्र द्या. तरी नाही, तर सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज. नव्या कायद्यात तीन वर्षांच्या आत दावा करता येतो, म्हणजे गेल्या उन्हाळ्यातले थकलेलेही विसरून जायची गरज नाही. अजून एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे, दिले नाहीत हे सिद्ध करायची आपल्यावर नाही. आणि दावा खरा ठरला तर थकलेल्या रकमेवर दहा पटीपर्यंत भरपाई द्यायला लावता येते.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे ही भीती नको. तालुका आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बायांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन १५१००. मूल चौदाच्या आतलं असेल, कोंडून ठेवलं असेल, मारहाण असेल, तर वाट बघू नका, १०९८ ला फोन करा. तो बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे.

आपल्या घरचा हिशेब

बायांनो, आत्तापर्यंत मालकाबद्दल बोलले. पण इथे बसलेल्यांपैकी कितीजणींच्या रानात येत्या महिन्यात दुसऱ्याची पोरं येणार आहेत? आणि आपल्या गटांचे पापड, मसाले, शेवया यांचे उद्योग आहेत. उन्हाळा हाच आपला हंगाम. लाटायला, पाकिटं भरायला सुट्टीतल्या मुली येतात. त्यांना किलोमागे आपण काय देतो? एक तासाभरात किती किलो होतात आणि त्याचे तासाला किती पडतात, हे कुठल्या गटाने कधी मोजलंय?

मोजा. या महिन्यात मोजा. आकडा कमी आला तर भाव वाढवा, आणि पापडाच्या किमतीत तो धरा. तोटा होत असेल तर गिऱ्हाइकाला सांगायची हिंमत ठेवा की आमच्या पाकिटात कुणाची अर्धी हजेरी नाही. आपण स्वतः पोरींना वडापाववर भागवायचं आणि ढाबेवाल्याला कायदा दाखवायचा, हे चालणार नाही. तो पहिला प्रश्न हाच विचारेल, आणि त्याचं बरोबर असेल.

दुसरी घरची गोष्ट. पोराची मजुरी आली की ती किराण्यात जाते. घर चालवायचं आहे, मी कुणाला दोष देत नाही. पण त्याला सांगून घ्या. दहा वर्षांपुढच्या मुलाला बँकेत स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं, बँकेने घातलेल्या मर्यादेत. आपल्या बँक सखीला विचारा. मजुरीतला काही भाग तरी त्याच्या खात्यात पडू द्या, जूनमध्ये वह्या-पुस्तकांना तोच कामी येतो. आणि स्वतःच्या कष्टाचे पैसे स्वतःच्या नावावर दिसले की पोरगं पुढे कुणाला आपला घाम फुकट विकत नाही.

वहीतलं एक पान

शेवटी कामाचं. प्रत्येक गटाने आपल्या वहीत एक पान या सुट्टीसाठी राखून ठेवावं. त्यावर एवढंच लिहायचं:

मुलाचं किंवा मुलीचं नाव आणि जन्मतारीख, शाळेच्या दाखल्यावरची.
कुणाकडे काम, काय काम, मालकाचा फोन.
ठरलेली मजुरी आणि कधी मिळणार.
रोजची वेळ, किती वाजता गेलं, किती वाजता आलं.
आठवड्याला हातात आलेली रक्कम.
काम संपायची तारीख आणि शाळा उघडायची तारीख.

रोजची वेळ पोराने घरी कॅलेंडरवर लिहायची, दहावीचं पोरगं आहे, त्याला लिहिता येतं. आठवडी बैठकीत सचिव ताईने ती वहीत उतरवायची. बचतीचा हप्ता घेताना एक मिनिट जास्त लागेल. ज्या पोराचे पैसे दोन आठवडे आले नाहीत, त्याचं नाव त्याच बैठकीत वाचायचं आणि दोघींनी जायचं कुणी ते तिथेच ठरवायचं.

प्रभागसंघापुढे मी दोन ठराव मांडते. पहिला, चालू किमान वेतन दराचा कागद एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या ग्रामसंघांना मिळावा. दुसरा, आपल्या प्रभागातल्या कुठल्याही गटाच्या उद्योगात आणि गटातल्या कुठल्याही बाईच्या शेतात चौदाच्या आतलं मूल मजुरीने ठेवू नये, आणि चौदा ते अठराच्या मुला-मुलींना तासाचा पूर्ण भाव द्यावा.

ठराव मंजूर असतील तर हात वर करा, आणि अध्यक्ष ताई, प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. जूनच्या सभेत ही पानं घेऊन या. किती पोरांना पूर्ण मजुरी मिळाली ते मोजू. आणि त्यातली किती शाळेत परत गेली, तेही मोजू.

जय हिंद, जय महाराष्ट्र.